बेदरची पावती

आईने शेवटपर्यंत ‘बीदर’ असा उच्चार केला नाही. ती ‘बेदर’ म्हणे. महिपतीच्या ‘भक्तविजया’त दामाजीपंतांच्या कथेत येते ते बेदर, आणि तिच्या वडिलांना जमिनीच्या दाव्यासाठी वर्षातून दोन-तीनदा गाडी जुंपून जावे लागे ते बेदर, ही दोन्ही तिच्या लेखी एकच गावे होती. यात तिची काही चूक नव्हती. तिचा जन्म १९४० चा, निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातला. आणि तेव्हा निलंगा, उदगीर व आमचे अहमदपूर हे तिन्ही तालुके निजामाच्या राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे मराठी तालुके अलीकडे आले आणि बीदर पलीकडे राहिले. आम्ही आधी उस्मानाबाद जिल्ह्याचे झालो आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्याचे. कचेरी बदलली की वाटही बदलते. माझ्या पिढीला हैदराबाद ठाऊक होते, औरंगाबाद ठाऊक होते. उदगीरच्या पुढे अवघ्या दीड-दोन तासांवर असलेले बीदर मात्र आम्ही किल्ला पाहण्यापुरते एखाद-दुसऱ्या वेळी पाहिले असेल. ज्या गावात आमच्या आजोबांच्या सातबाऱ्याचे भवितव्य ठरत होते ते गाव आम्हाला सहलीचे ठिकाण झाले होते.

ऑगस्ट २०२२ मध्ये, श्रावणात, ब्याऐंशी वर्षांच्या आईला घेऊन मी बीदरला गेलो तो किल्ला पाहायला नव्हे, विमानात बसायला.

कारण साधे होते. माझी मुलगी बंगळुरात नोकरी करते. तिला मुलगी झाली होती आणि आईला पणती पाहायची होती. अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर जवळजवळ मध्यावर आहे, आणि गावाला आजही रेल्वे नाही. लातूरला विमानाची धावपट्टी १९९१ पासून आहे, पण बहुतेक काळ तिच्यावर वारा आणि पाहुणे पुढारीच उतरत आले. बंगळुराला जायचे म्हणजे रात्रभर गाडीत बसायचे, आणि आईच्या गुडघ्यांनी ते कधीच नाकारले होते. अशात जून २०२२ मध्ये बीदर-बंगळूर विमान पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. तिकिटाचा भाव पाहिला, तो आमच्या आवाक्यातला निघाला. मी आईला सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, “तुकोबाला न्यायला विमान आलं होतं, तसं मला आलं म्हण की.” मराठी माणसाच्या मनात विमानाचा पहिला अर्थ वैकुंठाचाच आहे, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते, घरात ऐकले ते तेव्हा. मराठी प्रवासवर्णनांतील विमानही बहुधा मुंबईहूनच उडते. मोंढ्याच्या, ऊसतोडीच्या, दुष्काळाच्या आमच्या प्रदेशातून ते उडावे अशी कल्पना आमच्या लेखकांनीही फारशी केलेली नाही. मीही केली नव्हती.

आईने मात्र विमान पाहिले होते. आणि ते बेदरकडेच जाताना पाहिले होते.

बीदरची धावपट्टी निजामाच्या काळची, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली. १९४८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तिला अचानक महत्त्व आले. हैदराबाद संस्थानाची नाकेबंदी चालू असताना सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकॅस्ट्रियन विमाने भरभरून शस्त्रे आणून निजामाच्या हद्दीत उतरवीत होता. बीदर आणि वरंगळ ही त्याच्या उतरण्याची ठिकाणे होती. (पुढे लंडनच्या न्यायालयाने या उद्योगासाठी त्याला दोनशे पौंड दंड केला. इतक्या बंदुकांना दोनशे पौंड!) १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, तेव्हा हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले, त्यांत बीदरही होते. पाच दिवसांत सारे आटोपले. १७ सप्टेंबरच्या पहाटे सैन्य बीदर शहरात शिरले आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

आईच्या आठवणीत ‘ऑपरेशन पोलो’ नाही, तारीखही नाही. तिच्या आठवणीत गौरी नुकत्याच गेलेल्या आहेत आणि अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या आहेत. ती आठ वर्षांची. शेजारच्या तांबोळ्याची मुलगी, जिला सगळे छोटी म्हणत, ती आणि आई शेंगांवर बसणारी कोंबडी हाकीत होत्या. रझाकारांच्या भीतीने गावातली पुरुषमाणसे रात्री ज्वारीच्या पिकात जाऊन झोपत; दिवसाही मोठ्याने बोलत नसत. अशा त्या दबलेल्या गावावरून विमाने गेली. आई म्हणे, “घार घिरट्या घालते तशी नव्हं, दगड भिरकावल्यावाणी गेली.” दोघी पोरी एकमेकींचा हात धरून पडवीत पळाल्या. थोड्या वेळाने आईच्या घरात कुजबुज सुरू झाली, आजोबांनी देवापुढे दिवा लावला, आणि तिला कळले की ही विमाने आपली आहेत. छोटीच्या घराला त्याच वेळी आतून कडी लागली.

ही गोष्ट आई मुक्तिसंग्रामाच्या दिवशी नातवंडांना सांगे. दिवा लावला इथपर्यंत. पुढचे ती सांगत नसे. मला ते कळले तेव्हा मी चाळिशीचा होतो. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दिवसांत तांबोळ्याचे कुटुंब रातोरात गाव सोडून गेले. बेदरला गेले असे कोणी म्हटले, वाटेत त्यांचे काही बरेवाईट झाले असे कोणी म्हटले. परत आले नाही हे मात्र खरे. पंडित सुंदरलाल समितीने त्या काळातील हत्यांची जी पाहणी केली, तिच्यात सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे आहेत. मृतांचा अंदाज किमान सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. अहवाल कित्येक दशके झाकून ठेवला गेला. आम्ही मराठवाड्याचे लोक रझाकारांच्या अत्याचारांवर खूप बोललो आहोत आणि ते बोललेच पाहिजे. पण त्यानंतरच्या पंधरवड्याबद्दल आमच्या आत्मचरित्रांतली पाने भराभर उलटतात. आईही तशीच उलटत असे. मी तिला दोष देत नाही. मीही हा परिच्छेद इतकी वर्षे लिहिला नव्हता.

असो. धावपट्टीकडे परत येतो. स्वातंत्र्यानंतर ती हवाई दलाकडे गेली आणि बीदर हे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र झाले. ‘सूर्यकिरण’ या कसरती करणाऱ्या विमानांच्या चमूची १९९६ मध्ये सुरुवात झाली ती तिथेच. ‘हॉक’ ही प्रशिक्षण विमाने २००८ मध्ये हवाई दलात आली तीही तिथेच. म्हणजे धावपट्टी होती, चांगली लांबरुंद होती, रोज वापरात होती. फक्त आपल्यासाठी नव्हती. भारतात अशा जागी जे करतात त्याला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात: धावपट्टी, नियंत्रण मनोरा, वेळापत्रकावरची हुकमत हे सर्व सैन्याचे, आणि कडेला काही एकरांत नागरी प्राधिकरणाने बांधलेली एक लहान इमारत. पुण्याचे लोहगाव असेच चालते, गोव्याचे दाबोळी नौदलाच्या छत्राखाली असेच चालते. बीदरला ही इमारत बांधून झाली आणि साधारण दशकभर कुलूपबंद राहिली. कारण हैदराबादचा नवा विमानतळ खासगी कंपनीला देताना केलेल्या करारात दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ चालू करू नये अशी अट होती, आणि बीदर त्या वर्तुळात पडत होते. निजाम गेला तरी बीदरने काय करावे हे हैदराबादच ठरवत होते, असे आमचे एक इतिहासाचे प्राध्यापक मित्र म्हणत. विनोद बरा होता.

कुलूप उघडले ते ‘उडान’ योजनेमुळे. २०१६ ची ही योजना. हवाई चप्पल घालणाऱ्याने हवाई जहाजात बसावे, हे तिचे ब्रीद. तिचा पहिला मान आमच्या शेजाऱ्यालाच मिळाला होता: २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेची जी पहिली विमाने उडाली त्यांत नांदेड-हैदराबादही होते. यंत्रणा अशी, की सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी अर्ध्या आसनांचे भाडे अडीच हजारांच्या मर्यादेत ठेवायचे, कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, आणि त्यासाठीचा पैसा मोठ्या शहरांदरम्यानच्या विमानांवर आकार लावून उभा करायचा. बीदरहून पहिले विमान ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळुराला गेले. ते पंख्याचे ‘एटीआर’ होते, ट्रूजेट या कंपनीचे. दीड महिन्यात टाळेबंदी आली. आणि २०२२ च्या सुरुवातीला ती कंपनीच थांबली.

लष्करी धावपट्टीवर स्वस्त विमान उतरवण्याची कल्पना काही आपली नाही. जर्मनीत हान येथे अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. शीतयुद्ध संपल्यावर १९९३ मध्ये तो रिकामा झाला, आणि काही वर्षांत एका आयरिश स्वस्त कंपनीने तेथे उड्डाणे सुरू केली. विमानतळाचे नाव ठेवले ‘फ्रँकफुर्ट-हान’; फ्रँकफुर्ट तेथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास! (आपल्याकडे ‘पुण्याजवळ’ म्हणून प्लॉट विकणाऱ्यांची आठवण यावी.) एकेकाळी वर्षाला लाखो प्रवासी तिथून जात, २०२१ मध्ये त्याच विमानतळाच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सैन्याला धावपट्टी बांधताना नफ्याचा विचार करावा लागत नाही. म्हणूनच ती इतकी लांब असते, आणि म्हणूनच ती तिकिटांच्या पैशांवर पोसणे कठीण जाते. आपल्याकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने ‘उडान’चा हिशेब मांडला आहे: मंजूर मार्ग ७७४, प्रत्यक्ष सुरू झालेले ३७१, तीन वर्षे पूर्ण केलेले ११२, आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४.

मी हे आकडे संतापाने देत नाही. संताप करावा इतका मी निर्मळ नाही. त्या अनुदानातले काही रुपये आमच्या दोन तिकिटांतही होते. ज्या तालुक्यातून कोयते घेऊन माणसे कारखान्यांकडे जातात, त्या तालुक्यातला एक पगारदार प्राध्यापक सरकारच्या मदतीने आईला विमानात बसवतो, हे विचित्र आहे. पण आईचे गुडघेही खरे होते.

आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. उदगीर ओलांडले, पुढे काळी माती हळूहळू विरत गेली आणि बीदरच्या पठारावरची तांबडी जमीन सुरू झाली. आई खिडकीतून पाहत होती. “बेदर आलं,” ती म्हणाली. पाटी अजून यायची होती. तिच्या वडिलांनी तिला सांगून ठेवले होते म्हणे, माती लाल झाली की बेदर आले.

इमारत मला आमच्या बसस्थानकाहून लहान वाटली, आणि कितीतरी स्वच्छ. पन्नासेक माणसे: संगणकवाली तरुण पोरे, एक शीख कुटुंब, (नानक झीरा आणि नांदेड अशी दोन्ही ठिकाणे करून निघालेले), दोन व्यापारी, एक ऑपरेशन करून घ्यायला निघालेले गृहस्थ. आमच्याच बोलीत बोलणारे निम्मे तरी असावेत. आम्ही बसलो असताना पलीकडे हवाई दलाचे एखादे विमान उडाले असावे. छप्पर थरारेल असा आवाज झाला. आईने पदर कानावर घेतला आणि माझे मनगट धरले. आवाज गेल्यावरही ते सोडले नाही. मग हळूच विचारले, “ह्याच माळावर का रे?”

मी होय म्हणालो.

मला तिचा फोटो घ्यायचा होता. पायऱ्यांपाशी मी फोन काढला, तेवढ्यात एका जवानाने नम्रपणे मान हलवली. लष्करी तळ, छायाचित्रणास मनाई. बरोबरच होते ते. विमान लहान, पन्नास आसनी. डावीकडे एकेक आसन, उजवीकडे दोन-दोन. आईला डावीकडची एकटी खिडकी मिळाली. मी बोळाच्या अलीकडे. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी मला तिचा चेहरा दिसला नाही. काचेला लागलेले कपाळ तेवढे दिसले. मला वाटले होते ती डोळे मिटून घेईल, जप करील. ती खाली पाहत होती. एखादी हरवलेली वस्तू शोधावी तशी पाहत होती. धावपट्टी गेली, लाल वाटा गेल्या, पत्र्यांची छपरे गेली. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली आणि म्हणाली, “माणसं दिसंनात रे लेका. बैल दिसले दोन. माणसं दिसंनात.”

मला वाटले तिला भोवळ आली असावी. मी पाणी दिले. ते न घेता तिने विचारले, “मग त्यांनाबी दिसली नसतील ना? त्यांना आम्ही दोघी?”

‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे कळायला मला क्षणभर लागला. मी काहीच उत्तर दिले नाही. आता वाटते, टेम्पेस्ट किती उंचीवरून जात, हे तरी सांगता आले असते. पण मला ते ठाऊक नव्हते, आणि तिला त्याची गरज असेल असेही नाही. विमान ढगात शिरले. तिने पाणी घेतले, आणि पणतीला दुपट्यावर कोणता रंग खुलेल याबद्दल ती बंगळूर येईपर्यंत बोलत राहिली.

बंगळुराच्या पंधरा दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. आजी-पणती एकमेकींना पुरेशा होत्या.

डिसेंबर २०२३ मध्ये बीदरचे विमान पुन्हा थांबले. आई त्यानंतर महिन्याभरात गेली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, माझ्या मनात मात्र त्या एकाच पानावर लागल्या आहेत. दिवस झाल्यावर तिची पोथ्यांची पेटी आवरताना ‘भक्तविजय’ निघाला, आणि त्यात दामाजीपंतांच्या अध्यायात विमानाच्या तिकिटाचा फाटका अर्धा भाग. ती कथा वाचकांना ठाऊक आहेच: दुष्काळात दामाजीने सरकारी कोठारे लोकांना खुली केली, बादशहाने त्याला बेदरला बोलावले, आणि विठोबा महाराचे रूप घेऊन त्याच्या आधीच बेदरला पोचला, थैली रिती करून धान्याचे पैसे भरून आला, आणि ती पावती दामाजीला आपल्याच गीतेच्या पोथीत सापडली. बंगळुराहून परतल्यावर आईने तो कागद माझ्याकडून मागून घेतला होता. “बेदरची पावती हाय, राहू दे,” म्हणाली होती. मी विनोद समजलो होतो. विनोदच असेल. पण पावती देणे फिटल्याची असते, आणि काय फिटले असे तिला वाटले होते हे मी विचारले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बीदरचे विमान तिसऱ्यांदा सुरू झाले. त्या पावसाळ्यात मी एकटाच बंगळुराला निघालो, आणि मुद्दाम तीन तास आधी बीदरला पोचलो. त्याआधी आईच्या माहेरी जाऊन आलो होतो. तांबोळ्याच्या घराची जागा आता एका किराणा दुकानदाराची आहे. त्याच्या वडिलांनी ती कोणाकडून घेतली हे त्याला ठाऊक नाही. गावातल्या एका नव्वदीच्या गृहस्थांनी एवढेच सांगितले, की बेदरात चौबाऱ्याच्या बाजूला त्यांचे कोणी नातलग पानाचा धंदा करीत.

चौबारा म्हणजे शहराच्या मधोमध उभा असलेला जुना गोल बुरूज. त्याच्या चारी अंगांना रस्ते जातात आणि प्रत्येक रस्त्यावर पानाची दुकाने आहेत. मी दोन ठिकाणी पान खाल्ले. दुसऱ्या दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा असेल; कानडी, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात बोलत होता. मी कुठला, म्हणून त्याने विचारले. अहमदपूर म्हटल्यावर त्याने मान डोलावली, ऐकून होता. मी त्याला काय विचारणार होतो? आडनाव नाही, नाव नाही. छोटी म्हणून हाक मारली जाणारी आठ वर्षांची एक मुलगी, सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीची. पैसे देऊन मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मग विमानाची वेळ झाली म्हणून रिक्षा केली.